न्यायमूर्ती रानडे: सभेतलं बोलणं आणि घरातलं मौन



निफाड म्हटलं की आपल्याला द्राक्षं आठवतात. थंडीच्या दिवसांत पारा घसरल्याची बातमी आली, की तिथंही पहिलं नाव निफाडचंच असतं. पण या गावाची आणखी एक ओळख आहे. १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडला झाला. घरचे लोक आणि स्नेही त्यांना माधवराव म्हणत. पुढे ते न्यायमूर्ती झाले, आणि महाराष्ट्रातल्या उदारमतवादी राजकारणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत आलं. आजच्या भाषणात आम्ही त्यांच्याविषयी बोलणार आहोत. मात्र पुतळ्याखालच्या पाटीवर लिहितात तेवढंच सांगणार नाही. त्यांनी बायकांसाठी काय केलं, काय करायचं राहिलं, आणि त्यांच्या सबुरीची किंमत कोणी मोजली, हेही पाहणार आहोत.

आधी ‘उदारमतवादी’ या शब्दाचा अर्थ साध्या भाषेत सांगतो. देश सुधारायचा तर कायद्याच्या वाटेनं, अर्ज, सभा, शिक्षण, चर्चा यांच्या बळावर सुधारायचा. माणसाला माणूस म्हणून हक्क असावेत. आणि राजकारणाइतकीच समाजाचीही दुरुस्ती व्हावी, असं मानणारे ते उदारमतवादी. लोक त्यांना ‘मवाळ’ही म्हणत, आणि त्या शब्दात थोडा टोमणा असे.

माधवरावांचं बालपण कोल्हापुरात गेलं. वडील गोविंदराव तिथं संस्थानच्या नोकरीत होते. पुढचं शिक्षण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये झालं. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये सुरू झालं, आणि १८६२ मध्ये तिथून बी. ए. होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत माधवराव होते. मग एम. ए. झालं, कायद्याची परीक्षा झाली, आणि १८७१ मध्ये ते पुण्याला न्यायखात्यात रुजू झाले.

आता तुम्ही म्हणाल, हे तर सरकारी नोकर, मग राजकारणी कसे? त्या काळी आजच्यासारख्या निवडणुका नव्हत्या. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा काढली. सभेचा चेहरा काकांचा आणि डोकं पुष्कळसं माधवरावांचं, अशी विभागणी होती. १८७६ ते १८७८ या काळात दुष्काळ पडला. सभेनं गावोगावची माहिती गोळा केली आणि शेतसारा, कर्ज, उपासमार यांचे आकडे सरकारसमोर ठेवले. रयतेचं दुःख आकड्यांत मांडून राज्यकर्त्यांना जाब विचारायची ही रीत आपल्याकडे तेव्हा नवीन होती. १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन झाली, तेव्हाही माधवराव मुंबईत हजर होते. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. काँग्रेसच्या जोडीनं सामाजिक परिषद भरवायची प्रथा १८८७ पासून त्यांनी चालवली. बालविवाह, विधवांचे हाल, स्त्रीशिक्षण, जातीची बंधनं हे तिथले विषय असत.

हे सगळं ज्या मुलखात चाललं होतं, तो मुलूख सोपा नव्हता. पुण्यात पेशवाई जाऊन पन्नास-साठ वर्षंच झाली होती. शास्त्री-पंडितांचा शब्द, शंकराचार्यांची आज्ञा, वाळीत टाकणं या गोष्टी खऱ्या होत्या. १८६९ मध्ये मुंबईत एका ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह झाला, तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्यांवर बहिष्कार पडला. बहिष्कार म्हणजे नुसतं पंगतीत न बसवणं नव्हे. भटजी घरी येत नाही, मुलीचं लग्न जमत नाही, माहेरवाशिणीला माहेरी येता येत नाही. म्हणजे वाळीत पुरुषाचं नाव पडे आणि चटके घरातल्या बायकांना बसत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १८७३ सालाकडे येऊ. माधवरावांच्या पहिल्या पत्नी सखूबाई त्या वर्षी वारल्या. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते, आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले बिनीचे माणूस होते. आता हे एखाद्या विधवेशीच लग्न करतील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांना भीती होती ती नेमकी हीच. गोविंदरावांनी घाईनं मुलगी पाहिली, मुलानं नको म्हटलं तेव्हा संबंध तोडायची भाषा केली, आणि माधवराव नमले. नवरी होती देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना. वय वर्षं अकरा. लग्नानंतर तिचं नाव रमा झालं.

मैत्रिणींनो, इथं आम्ही थोडं थांबतो, कारण रानड्यांवर सर्वांत मोठा ठपका याच लग्नाचा आहे, आणि तो खोटा नाही. जो माणूस सभेत बालविवाहाविरुद्ध बोलतो, त्यानं घरी अकरा वर्षांची मुलगी आणली. त्याच घरात त्यांची स्वतःची विधवा बहीण, दुर्गाबाई, राहत होती. विरोधकांनी हसायची संधी सोडली नाही, आणि सुधारकांनाही खाली पाहावं लागलं. वडिलांचा मान राखला असं आपण म्हणतो खरं. पण त्या मानाची किंमत एका लहान मुलीनं आणि विधवाविवाहाच्या चळवळीनं मिळून चुकती केली.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. रमाबाईंनी पुढे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. ते १९१० मध्ये निघालं आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्यात त्या सांगतात, की लग्न होऊन आल्या त्याच दिवसांत नवऱ्यानं त्यांना विचारलं, लिहितावाचता येतं का? येत नव्हतं. बाईनं अक्षर गिरवलं तर नवरा मरतो, असं मानणाऱ्या घरांचा तो काळ. त्याच वेळी पाटी आली आणि धुळाक्षरं सुरू झाली. दिवसा सासरच्या बायका टोमणे मारत आणि रात्री नवरा शिकवत असे. पुढे पुण्यात इंग्रजी शिकवायला एक मडम घरी येऊ लागली. तिला शिवलं म्हणून आंघोळ केल्याशिवाय घरातल्या कामाला हात लावायचा नाही, अशीही अडचण रमाबाईंना सोसावी लागली.

या कहाणीत आपल्या नाशिकचा वाटा मोठा आहे. १८७८ मध्ये माधवरावांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. सार्वजनिक सभेच्या कामामुळे सरकारची त्यांच्यावर नजर होतीच. नाशिक तेव्हा तीर्थाचं गाव. रामकुंड, पंचवटी, काळाराम, घाटावरचे तीर्थोपाध्ये आणि यात्रेकरू यांच्याभोवती गाव फिरे. रूढी-सोवळ्याच्या बाबतीत ते पुण्याच्या मागे नव्हतं. पण एक गोष्ट वेगळी होती. पुण्यातल्या वाड्यातला मोठा गोतावळा इथं नव्हता. सोळा वर्षांच्या रमाबाईंना प्रथमच मोकळेपणानं वाचायला, घरखर्चाचा हिशेब ठेवायला, माणसांत वावरायला मिळालं. गोपाळराव हरी देशमुख, म्हणजे ‘शतपत्रं’ लिहिणारे लोकहितवादी, हेही तेव्हा नाशिकला न्यायाधीश होते. सुधारणेची भाषा बोलणारी दोन घरं गावात असली, की त्या घरांतल्या बायकांना एकमेकींचा आधार होतो.

इथल्याच शाळेत एका समारंभाला पाहुणी म्हणून रमाबाईंना बोलावलं गेलं. जाहीर ठिकाणी बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ. भाषण माधवरावांनी लिहून दिलं होतं. आज आपण म्हणू, दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं, त्यात काय मोठं? पण चारचौघांत पुरुषांसमोर तोंड उघडायचं नाही हा ज्या घराचा धडा, त्या घरातल्या सुनेनं नाशिकमध्ये उभं राहून बोलून दाखवलं. शब्द नवऱ्याचे असले तरी आवाज तिचा होता. पुढचे शब्दही तिचेच झाले.

नाशिकचा हा काळ फार टिकला नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, आणि मे महिन्यात पुण्यातला बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडला. सरकारला पुण्याच्या शिकलेल्या मंडळींचा संशय आला. माधवरावांना तडकाफडकी धुळ्याला पाठवलं, आणि तिथं त्यांची पत्रं उघडून वाचली जात. ‘मवाळ’ म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांच्यावर पाळत ठेवावी एवढी भीती सरकारला वाटत होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

पुण्याला परतल्यावर कामानं वेग घेतला. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज उभा राहिला. सुधारकांच्या बायका तिथं जमू लागल्या. १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल सुरू झालं, तीच हुजूरपागेची शाळा. माधवराव तिच्या संस्थापकांपैकी एक होते. मुलींना इंग्रजी, गणित, शास्त्र शिकवायचं की स्वयंपाक-शिवणापुरतं ठेवायचं, यावरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून टिळकांनी कडक टीका केली. या शाळेच्या कामासाठी रमाबाईंनी गव्हर्नरसमोर इंग्रजी भाषण वाचलं. घरी आल्यावर सासरच्या बायकांनी जे सुनावायचं ते सुनावलं. माधवरावांनी ते ऐकलं आणि ते गप्प राहिले. रमाबाईंनी हे आठवणींत लिहून ठेवलं आहे. नवऱ्याविषयी त्यांच्या मनात अपार भक्ती होती, तरी ही गोष्ट त्यांनी गाळली नाही.

हे मौन आपल्यापैकी अनेकींच्या ओळखीचं आहे. नवरा म्हणतो, तू शिक, तू नोकरी कर, माझा पाठिंबा आहे. पण सासू बोलते, जाऊ बोलते, तेव्हा तो पेपरात डोकं घालतो. भांडण नको, घर मोडायला नको, असं त्याचं म्हणणं असतं. माधवरावांची घरातली रीत तीच होती. कोणाला दुखवायचं नाही, नवं काम थांबवायचं नाही, आणि जी ओढाताण होईल ती बायकोनं सोसायची. बायको शिकली हे खरंच. पण शिकण्याचं बळ तिला नवऱ्याइतकंच स्वतःच्या सोसण्यातूनही आणावं लागलं.

हीच रीत बाहेरही दिसते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे आपल्या पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. मोठा गहजब झाला. त्या यादीत रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि मंडळी वाळीत पडली. शेवटी १८९२ मध्ये माधवरावांनी प्रायश्चित्त घेतलं. स्वतःला चूक वाटत होती म्हणून नव्हे. मित्रांच्या घरी अडचणी आल्या, त्यांना एकट्यानं घ्यायची लाज वाटत होती, म्हणून हे त्यांच्या सोबतीला गेले. रमाबाईंना ते आवडलं नाही. त्या नाशिकच्या मुलीसारख्या सुनेला आता स्वतःचं मत होतं, आणि नवऱ्याहून वेगळं होतं.

मग हा माणूस नुसता नमणाराच होता का? तसंही नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याकडे पाहा. नवऱ्याशी शरीरसंबंधाचं वय दहावरून बारा करायचा तो कायदा. आज बारा हा आकडा ऐकूनही अंगावर काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यालाही पुण्यात प्रचंड विरोध झाला. धर्मात सरकारनं हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं होतं. माधवराव कायद्याच्या बाजूनं उभे राहिले, आणि शास्त्रांचा अभ्यास करून शास्त्रीबुवांना त्यांच्याच ग्रंथांतून उत्तरं दिली. ते मागे हटले नाहीत. स्वतःच्या घरापुढे नमणारा माणूस कायद्याच्या प्रश्नावर ठाम राहिला.

त्यांना या ठामपणाची शिक्षाही झाली. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेस भरणार होती. दर वर्षीप्रमाणे काँग्रेसच्याच मंडपात सामाजिक परिषद व्हायची. विरोधकांनी ती होऊ द्यायची नाही असं ठरवलं, आणि मंडप जाळू इथपर्यंत गोष्ट गेली. काँग्रेस फुटू नये म्हणून माधवरावांनी मंडप सोडला आणि परिषद दुसरीकडे घेतली. त्याच वर्षी त्यांनी वाढवलेली सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली. ते चिडले नाहीत, कोर्टात गेले नाहीत. १८९६ मध्ये डेक्कन सभा काढून पुन्हा कामाला लागले. तोवर ते मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले होते. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, त्यांचं निधन झालं.

आता हिशेब मांडायचा तर त्यात आणखी एक बाजू धरायला हवी. महात्मा जोतीराव फुल्यांना रानड्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं पाठवलं, तेव्हा जोतीरावांनी ते नाकारलं. ज्या सभा सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्याशी आमच्या सभा मिळत नाहीत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. रानड्यांच्या सुधारणेचा उंबरठा मुख्यतः वरच्या जातींच्या वाड्यांचा होता. आपल्याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढारपणाखाली आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या इथल्या कार्यकर्त्यांच्या बळावर तो काही वर्षं चालला. स्त्रिया त्यात मोठ्या संख्येनं होत्या. दार उघडलं नाही. देवळाचं दार अर्जानं आणि सबुरीनं उघडेल, या भरवशावर त्यांना बसून राहता येणार नव्हतं.

आणि तरी, याच बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त भाषण केलं, तेव्हा त्यांना थोर पुरुष म्हटलं. त्यांचं सांगणं असं, की समाज सुधारल्याशिवाय राजकीय हक्कांना अर्थ नाही, हे रानड्यांना कळलं होतं आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करायची हिंमत त्यांच्यात होती. टीकाही केली, उदारमतवाद्यांनी लोकांत उतरून संघटना बांधली नाही, हे दुखणं त्यांनी नेमकं दाखवलं. ज्याला या व्यवस्थेनं सर्वांत जास्त छळलं, त्या माणसानं एवढा बारीक हिशेब केला. आपणही तेवढाच करावा.

आमच्या मते या हिशेबाची सर्वांत मोठी नोंद रमाबाईंच्या नावावर आहे. माधवराव गेले तेव्हा त्या चाळिशीच्याही आत होत्या. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथं विधवा आणि गरजू बायका शिकल्या, नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. १९२० मध्ये पुण्यात सक्तीचं शिक्षण आधी फक्त मुलांना द्यावं, मुलींचं नंतर पाहू, असा प्रयत्न चालला होता. त्याविरुद्ध पुण्यात बायकांचा मोर्चा निघाला, आणि पुढे होत्या रमाबाई. मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांना १९२१ मध्ये मताचा हक्क मिळाला, त्याच्या चळवळीतही त्या होत्या. अर्ज-विनंत्यांत वाढलेल्या घरातली बाई आता रस्त्यावर उतरून मागत होती. माधवरावांना जे जमलं नाही, ते त्यांनी शिकवलेल्या बाईला जमलं.

म्हणून आम्हाला वाटतं, निफाडच्या या माणसाची थोरवी सांगताना त्यांचं मौन झाकू नये, आणि त्यांचं मौन सांगताना ती पाटी विसरू नये. दोन्ही खरं आहे. ज्या मुलखात सरळ चालणाऱ्याला दगड बसतात, तिथं सबुरीनं चालणाराही काही वाट मोकळी करून जातो. फक्त त्या सबुरीचं ओझं कोणाच्या डोक्यावर पडतं, हे विचारायची सवय आपल्याला लागली पाहिजे.

आपल्या गावात ग्रामसभा होते, बचतगटाची बैठक होते, शाळेच्या समितीची सभा होते. तिथं मुलींच्या शिक्षणावर, लग्नाच्या वयावर चांगलं बोलणारी माणसं आता पुष्कळ आहेत. त्यांच्या बोलण्याला टाळी जरूर द्या. मग एवढंच पाहा, की घरी मुलीच्या बाजूनं बोलायची वेळ येते तेव्हा ते तोंड उघडतात की नाही. आणि घरातल्या लेकीसुनेला पहिलं भाषण करायचं असेल, तर कागद लिहून द्यायला हरकत नाही. पण दुसऱ्या वेळी तो कागद तिचा तिला लिहू द्या.